थेट विमानाच्या चार सीटा

विमानाच्या तिकिटांच्या काउंटरवर बावीस वर्षं काढल्यावर ताईला साऱ्या जगाची अंतरं तोंडपाठ झाली होती. धाकटा भाऊ राहतो ते शहर साडेअकरा हजार किलोमीटरवर. थेट विमानाने चौदा तास, दोन ठिकाणी बदलत गेलं तर अठ्ठावीस.

म्हणूनच सहा वर्षांपूर्वी अप्पा अंथरुणाला खिळले असताना धाकटा फोनवर म्हणाला, "थेट विमानच नाही गं, अठ्ठावीस तास लागतात," तेव्हाच ही थाप आहे हे तिला कळलं होतं. पण फोन स्पीकरवर होता. "दमेल पोरगा, नको येऊ म्हणावं," अप्पा म्हणाले आणि दोन दिवसांनी गेले. ताईने ते गिळलं, पण पचलं कधीच नाही.

आज सकाळी धाकट्याच्या लेकीचा तिकडून फोन आला. "आत्या, बाळंतपणाचं ऑपरेशन उद्याच करणार आहेत. बाबांना लवकर पाठव गं, मला भीती वाटतेय."

बाबा म्हणजे हाच धाकटा, महिनाभरासाठी इकडे आलेला. संध्याकाळच्या थेट विमानात चारच सीटा उरल्या होत्या. ताईसारख्या तिकीट-एजंटाला गिऱ्हाइकाच्या नावाने सीट काही तास धरून ठेवता येते. ताईने चार खोटी नावं घातली आणि चारही धरून ठेवल्या.

दुपारी तो धापा टाकत आला. "ताई, सगळीकडे फुल्ल दाखवतंय. काहीतरी कर."

"थेट विमानच नाही रे. अठ्ठावीस तास लागतात."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे ढिम्म काही हललं नाही. मेल्याला आठवतसुद्धा नव्हतं! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"अप्पांना हेच सांगितलं होतंस ना? खोटं होतं ते. मला तेव्हाच माहीत होतं."

त्याने मान खाली घातली. म्हणाला, "तुला कळणार हे मलाही माहीत होतं. मला त्यांना तसं बघवलं नसतं गं. वाटलं, ताई आहे, ती सांभाळून घेईल."

एक बटण दाबलं असतं तर सीट सुटली असती. ताईने दुसरं दाबलं आणि अठ्ठावीस तासांचं तिकीट छापून त्याच्या हातात ठेवलं. "आता तू सांभाळून घे," ती म्हणाली.

तो पाच वाजता उडाला. थेट विमानाचं चेक-इन बंद झाल्यावर तिने चारही सीटा सोडून दिल्या. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"आत्या, आई म्हणत होती, आयत्या वेळी तिकीट मिळणार नाही. मी म्हटलं, आत्या बसलीये ना तिथे! ऑपरेशनच्या आधी पोचतील ना बाबा?"

ताई म्हणाली, "नाही गं बाळा. नाही पोचणार."

पलीकडे पोर हुंदके देऊन रडू लागली. ज्याला रडवायचं होतं, तो विमानात पांघरूण घेऊन झोपला होता.