पदरचा शब्द

दुभाष्याचा नियम एकच. समोरचा जे बोलतो ते सगळं सांगायचं. गाळायचं काही नाही आणि पदरचं घालायचं काही नाही. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. त्याने शिवी हासडली तर आपणही हासडायची, तेवढ्याच जोरात.

हा नियम त्याला कुठल्या वर्गात शिकावा लागला नव्हता. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आईचा तो ऐकणारा मुलगा. दूधवाल्याशी हुज्जत घालायची तर हात आईचे चालायचे आणि तोंड याचं. शाळेत असताना त्याने आईच्या वतीने मुख्याध्यापकांना विचारलं होतं, “तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?” प्रश्न आईचा होता, पण कान याचाच पिरगाळला गेला. आता तो कोर्टात, इस्पितळात, बँकेत हेच काम पगार घेऊन करतो. कर्णबधिरांच्या मंडळात मात्र रविवारी फुकट. तिथे सगळे त्याला दुभाष्या म्हणतात.

आई एका ड्रायक्लीनरच्या दुकानात रफू करते. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवते, की गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसतं. मंडळात माणसांना नावं नसतात, खुणा असतात, आणि तिची खूण म्हणजे चिमटीत धरलेली सुई. मुलाच्या बाबतीतही तिला रफूच करायचं होतं.

गेल्या वर्षी त्याने तिला सांगितलं होतं, की आपल्याबरोबर खोलीवर राहतो तो लिफ्टवाला नुसता मित्र नाही. लिफ्टवाला म्हणजे उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा, दारातून वाकून आत येणारा आणि आल्याबरोबर काहीतरी पाडणारा माणूस. आईने सुई पिनकुशनमध्ये खोचली आणि हातांनी विचारलं, “भांडी घासतो का?”

“घासतो.”

“म्हणजे तुझ्यापेक्षा बरा.”

पुढच्याच आठवड्यापासून ती लिफ्टवाल्याला खुणांची भाषा शिकवायला लागली. त्याच्या हातांना पान्याची सवय. हनुवटीपासून हात पुढे नेऊन तो ‘धन्यवाद’ म्हणायचा, तेव्हा आता कुणाच्या तरी थोबाडीत बसणार असं वाटायचं. आई हसून हसून बेजार व्हायची आणि परत करायला लावायची.

पण हे सगळं आईच्या घरात, पडदे ओढून. पडदे ओढायचं कारणही साधं होतं. खुणांच्या भाषेत कुजबुज नसते. रस्त्यापलीकडच्या खिडकीतून माणूस तुमचं भांडण स्पष्ट वाचू शकतो, आणि पलीकडे मंडळाच्या दोन सभासद बहिणी राहत होत्या, ज्यांची नजर अगदी चांगली होती.

“मंडळात नाही,” आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. आणि त्या रविवारी सकाळी, कपडे इस्त्री करता करता, तिने एका हाताने पुन्हा सांगितलं. “आज तर मुळीच नाही. आज माझी निवडणूक आहे.”

मंडळाचं अध्यक्षपद कित्येक वर्षं एकाच माणसाकडे होतं. मिशीला पीळ देण्याची खूण, म्हणून मिशीकाका. मंडळ उभं केलं तेही त्यांनी. दुभाष्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पहिल्यांदा मंचावर उभं केलं तेही त्यांनीच. आईला या मंडळात एकच गोष्ट करायची होती. ज्यांची मुलं ऐकू शकत नाहीत, अशा ऐकणाऱ्या आईबापांसाठी संध्याकाळचा भाषेचा वर्ग. मिशीकाका हटून बसले होते. आपली भाषा परक्यांना कशाला? म्हणून आई त्यांच्या विरोधात उभी राहिली होती.

“आई, तो आज येणार आहे. मी त्याला पुन्हा ‘खोलीतला मित्र’ म्हणून दारात उभा करू?” दुभाष्याने विचारलं. “दिवसभर लोकांच्या वतीने ‘मी, मी’ करतो. माझं स्वतःचं बोलायचं तर गप्प.”

“वर्ग सुरू होऊ दे. मग बोल. शब्द दे.”

त्याने दिला.

सभा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसावेत म्हणून खुर्च्या नालाच्या आकारात मांडलेल्या. कुणाचं लक्ष वेधायचं तर लाकडी जमिनीवर पाय आपटायचा; थरथर खुर्चीतून वर येते. मागच्या ओळी ऐकणाऱ्या नातेवाइकांसाठी. तिथे आईची धाकटी बहीण, म्हणजे दुभाष्याची मावशी, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. इतक्या वर्षांत मावशीला खुणांच्या भाषेतलं एकच वाक्य येत होतं, ‘जेवलीस का?’ ते ती कुठल्याही प्रसंगी वापरायची. भाच्यासाठी मुली शोधण्यात मात्र तिला भाषेची अडचण कधी आली नाही. लिफ्टवाला शेवटच्या ओळीत, दाराजवळ.

दुभाष्या नेहमीच्या काळ्या शर्टात माइक घेऊन मंचाच्या कडेला उभा राहिला.

मिशीकाका बोलायला उठले. त्यांचे हात बघणं म्हणजे मेजवानी असायची. मोठे, संथ, एकेक खूण कोरून काढलेली. दुभाष्याचा आवाज त्यांच्या मागोमाग चालला होता, “मी हे मंडळ दोन खुर्च्यांवर सुरू केलं, त्यातली एक मोडकी होती...” मागच्या ओळी हसत होत्या. मग काका आईकडे वळले, मिश्कील तोंड केलं आणि म्हणाले, “उद्या बाईच्या हातात मंडळ गेलं, तर आम्ही पुरुषांनी काय करायचं? असं चालायचं?”

आणि त्यांनी मनगट ढिलं सोडलं, पापण्या फडफडवल्या, कमरेत लचकत चार पावलं टाकली.

पुढच्या ओळी खदखदल्या. मंडळात ही खूण सगळ्यांच्या परिचयाची होती. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषासाठी दुसरी खूणच नव्हती.

दुभाष्याकडे एका श्वासाएवढा वेळ होता. ‘नाजूक’ म्हणता आलं असतं, ‘लाजाळू’ म्हणता आलं असतं. पण ते गाळणं झालं असतं. काकांच्या मनगटात जेवढी टिंगल होती, तेवढीच शब्दात आणायची, हा त्याचा धंदा. त्याने माइक तोंडाशी धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, “मग आम्ही पुरुषांनी काय, बायले व्हायचं?”

मागच्या ओळी हसल्या. मावशीही हसली.

पहिलं हसू काकांचं होतं. हे दुसरं त्याने स्वतः घडवलं होतं, आपल्या आवाजात, आपला शब्द निवडून. शेवटच्या ओळीत लिफ्टवाला आपल्या बुटांकडे बघत बसला होता.

दुभाष्याने आईकडे पाहिलं. तिने त्याचा चेहरा वाचला आणि मान किंचित हलवली. नको.

त्याने माइक टेबलावर ठेवला आणि मंचाच्या मधोमध आला. जमिनीवर पाय आपटला. सगळ्या नजरा वर आल्या.

“दुभाषी म्हणून नाही,” त्याचे हात म्हणाले. “सभासद म्हणून दोन मिनिटं.”

“बोल की!” काका मोठ्या मनाने म्हणाले. “मंडळ तुझंच आहे.”

“आत्ता काकांनी ज्याची नक्कल केली, तो मी आहे.”

पुढच्या ओळींतले हात थांबले.

“मी असा चालत नाही. तुम्ही मला लहानपणापासून चालताना बघताय. पण माझं प्रेम पुरुषावर आहे. त्यासाठी आपल्याकडे खूण एकच आहे, ती शिवी आहे, आणि मी ती स्वतःसाठी वापरणार नाही. म्हणून लांबण लावून सांगतो. मी पुरुष. तो पुरुष. एक घर. एक टेबल. आजारी पडलो की एकमेकांच्या उशापायथ्याशी बसणं. म्हातारपण बरोबर. आईला दिलेला शब्द मोडून सांगतोय, म्हणून राग माझ्यावर काढा. तिच्या मतांवर नाही.”

पुढे सगळे बघत होते आणि मागे कुणाला काही कळत नव्हतं. व्यायामशाळेत असं पहिल्यांदाच झालं होतं. ऐकणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

“अरे, माइक बिघडला का?” मावशी ओरडली. “मेलं काहीच ऐकू येत नाही!”

तेव्हा लिफ्टवाला उठला. वाटेत एक खुर्ची पाडली, उचलली, मंचावर आला. माइक हातात घेतला आणि टकटक केलं.

“हॅलो. मी... मी दुभाषी नाही. म्हणजे आत्ता आहे. थोडाच.” दुभाष्याने त्याच्याकडे बघून पुन्हा, सावकाश हात हलवायला सुरुवात केली. “तो म्हणतोय... नाही, ‘तो म्हणतोय’ म्हणायचं नसतं. मी म्हणतोय. मी पुरुष आहे. आणि माझं प्रेम... टेबलावर आहे. नाही, थांबा! पुरुषावर. टेबल नंतर आहे.”

मागून कुणीतरी फुसकन हसलं, पण हे हसू वेगळं होतं. दुभाष्याने ती चूकही हातांनी पुढच्या ओळींना सांगितली; गाळायचं काही नाही.

“माझं एका पुरुषावर प्रेम आहे. आमचं एक घर आहे. आता टेबल. एक टेबल. आणि तो पुरुष... तो...” लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. दुभाष्या बोटाने सरळ त्याच्याकडेच दाखवत होता. “तो पुरुष मी आहे. म्हणजे मी नाही, मी! अहो, हा बोलतोय तो मी नव्हे, हा उभा आहे तो मी!”

“कळलं रे बाबा!” मावशी म्हणाली. तिचा आवाज भलताच बारीक झाला होता. “दाखवलेल्या सगळ्या मुलींना ह्याने ‘छान आहे’ म्हटलं, तेव्हाच मला काही कळायला हवं होतं. आता खाली बस, नाहीतर पडशील.”

मिशीकाका मंचावर तसेच उभे होते. “मला माहीत नव्हतं,” त्यांचे हात म्हणाले, पहिल्यांदाच घाईने. “गंमत होती.”

आई जागेवरून उठली. ती मंचावर चढली, मुलाच्या शेजारून गेली, त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि काकांसमोर उभी राहिली.

“परत करून दाखवा. आता त्याच्याकडे बघून.”

काकांनी हात उचलला. मनगट ढिलं होईना. त्यांनी मुलाकडे पाहिलं, ज्याला त्यांनीच कधीतरी या मंचावर उभं केलं होतं, आणि हात खिशात घातला. खुणांनी बोलणारा माणूस हात खिशात घालतो, तेव्हा त्याच्याकडे बोलायला काही उरलेलं नसतं. ते खाली जाऊन बायकोशेजारी बसले.

आई सभेकडे वळली आणि मुलाला खूण केली. काय बघतोस? कामाला लाग.

दुभाष्याने लिफ्टवाल्याच्या हातातून माइक घेतला. माइकला घाम आला होता.

“मी भाषण लिहून आणलं होतं,” आईचे हात बोलले आणि त्याचा आवाज बोलला. “ते आता राहू दे. माझा मुलगा हट्टी आहे.” मागे हशा. नियम म्हणजे नियम. “भांडी घासत नाही. आज सकाळी मला शब्द दिला आणि दुपारी मोडला. अशा मुलाचं काय करायचं, सांगा.”

ती थांबली. तोही थांबला.

“पण तो शब्द मी मागायलाच नको होता. मी आयुष्यभर लोकांची भोकं बुजवली. मुलगा म्हणजे भोक नव्हे.” त्याचा आवाज चिरकला. आईने हात हवेतच धरून वाट पाहिली, जशी ती त्याच्या लहानपणी, त्याला अवघड शब्द सापडेपर्यंत पाहायची. “मी त्याला घरात पडदे ओढायला लावले. आज संध्याकाळी घरी गेल्यावर मी ते काढून धुवायला टाकणार आहे. समोरच्या दोघी बहिणींनी खुशाल बघावं.”

पुढच्या ओळीत त्या दोघी बहिणींनी एकमेकींना कोपर मारलं.

“तुम्ही म्हणता, ऐकणाऱ्यांना आपली भाषा कशाला शिकवायची. हा लांबडा बघा. एका वर्षात माझ्याशी भांडण्याएवढी शिकला. प्रेम टेबलावर ठेवतो, पण शिकला. याच्यासारखे दहा आईबाप मला त्या वर्गात हवेत. आणि ती जुनी खूण या सभागृहात बंद. नवी हवी असेल तर या दोघांना विचारून ठरवा.”

तिने हात खाली केले, मग पुन्हा उचलले.

“ज्यांना माझा मुलगा चालत नाही, त्यांनी मला मत देऊ नका. मला त्यांच्या मतांची गरज नाही.”

ते वाक्य त्याने तिच्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. पदरचं एवढंच घातलं.

मंडळात मतदान हात वर करून होतं. सचिवबाई पुढे आल्या आणि विचारलं, आईच्या बाजूने कोण?

आधी तरुणांचे हात वर गेले, धडाधड, खुर्च्या सोडून. मग हळूहळू म्हाताऱ्यांचे. दोघी बहिणींचे एकदमच. मिशीकाकांच्या बायकोने नवऱ्याकडे न बघता हात वर केला आणि काकांनी तो खाली ओढला नाही. सचिवबाई मोजायला लागल्या, अर्ध्यात चुकल्या, पहिल्यापासून सुरू केलं, परत चुकल्या आणि शेवटी दोन्ही हातांनी ‘पुरे, पुरे, झालं’ अशी खूण केली. पण हात खाली यायला तयार नव्हते. कुणीतरी जमिनीवर पाय आपटला, मग सगळ्यांनी, आणि व्यायामशाळेचं लाकूड अंगात शिरावं असं थरथरायला लागलं.

सगळ्यात मागे मावशीने दोन्ही हात वर केले होते.

“मावशी, तुम्ही सभासद नाही,” शेजारच्या माणसाने सांगितलं. “तुम्हाला मत नाही.”

“नसू दे,” मावशी म्हणाली. हात तिने आणखी ताणले आणि मंचावरच्या लिफ्टवाल्याला ओरडून विचारलं, “ए लांबड्या, ‘अभिनंदन’ कसं म्हणायचं ते दाखव! सारखं ‘जेवलीस का’ किती वेळा म्हणू तिला!”