खाली पुठ्ठा घे

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. वय वर्षे चौतीस. सरकारी कागदावर मात्र माझी नोंद 'नवीन' अशी आहे आणि त्या नवेपणाची कस्टम ड्युटी भरल्याची पावती बाबांच्या फायलीत नीट टाचून ठेवलेली आहे. खरे काय नि खोटे काय, ते तुम्हीच माझी हकिगत ऐकून ठरवा.

मला एका सुताराने बनवले. कामाला चोख, पण जिभेने तिखट. बाबा आणि आई तेव्हा नुकतेच लग्न होऊन दोन खोल्यांत राहायला आले होते. "दोघंच तर आहात, एवढं मोठं टेबल काय करणार?" सुताराने विचारले. आई लाजली, बाबांनी उगाचच खिसे चाचपले. सुतार काय ते समजला आणि त्याने मला आणखी वीतभर लांब केले. परिणाम असा झाला, की मी दारातून आत जाईना. शेवटी माझे पाय काढून, मला आडवे धरून आत न्यावे लागले.

मी त्यांना बाबा आणि आई म्हणतो, कारण मला सगळ्यात जास्त वापरणारी मुलगी त्यांना तसे म्हणायची. ती त्यांची एकुलती एक लेक. अंगाने इतकी किरकोळ, की बाबा तिला काडी म्हणत. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे काही खडखडले, लोंबले, वाकडे दिसले, की त्यांचे हात शिवशिवायचे. आई दवाखान्यात नर्स होती. एके दिवशी ती माझ्यावर जुनी चादर अंथरून युनिफॉर्मला इस्त्री करत होती. दूध उतू गेले म्हणून धावली आणि इस्त्री माझ्यावरच राहिली. तेव्हापासून माझ्या मधोमध एक काळसर, टोकदार डाग होता. बाबांनी एकदा लिफ्टची मोटर माझ्यावर उघडून मला चांगलेच खरवडले. आईच्या डागावर ते महिनाभर बोलत होते. स्वतःची खरवड त्यांना कधी दिसली नाही.

पण माझ्यावर सगळ्यात जास्त खुणा काडीच्या. ती खिडकीकडच्या कोपऱ्यात अभ्यासाला बसायची. कच्चे काम करायला वहीचे पान फाडून घ्यायची आणि पेन असे दाबून धरायची, की कागदावरची आकडेमोड माझ्यात उतरायची. बाबा आतून ओरडायचे, "काडे, खाली पुठ्ठा घे!" ती मान वर न करता म्हणायची, "घेतलाय!" पुठ्ठा दप्तरात असायचा.

एक भागाकार तर फार खोल उमटला होता. सातशे अठ्ठावीस भागिले तेरा. काडीने आधी उत्तर काढले चोपन्न. मग जीभ बाहेर काढून पुन्हा मांडणी केली आणि चोपन्नावरच छप्पन्न गिरवले. त्यामुळे माझ्या अंगावर ती दोन्ही उत्तरे एकात एक अशी राहिली.

मित्रांनो, काडी एकोणीस वर्षांची असताना तापाने आजारी पडली आणि चौथ्या दिवशी गेली. आई नर्स होती, तरी गेली.

त्यानंतर त्या घरात फारसे रडणे झाले नाही. बोलणेही झाले नाही. ताटे वाढली जायची, उचलली जायची. जेवण झाले, की आई मला पुसायची. फडके फिरवत ती खिडकीकडच्या कोपऱ्यात यायची, तिथे तिचा हात थांबायचा, फडके बाजूला व्हायचे आणि दोन बोटे त्या आकड्यांवरून फिरायची. बाबा पेपरात डोके घालायचे. अशी अकरा वर्षे गेली. मला त्याचे वाईट वाटायचे का? खरे सांगायचे तर सवय झाली होती. त्या दोघांनाही झाली असावी.

पुढे दोघेही निवृत्त झाले. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, दुसऱ्या देशात राहायची. तिच्या शेजारचे एक छोटे घर रिकामे होते. बाबांनी मनावर घेतले. निवृत्त होऊन कायमचे राहायला येणाऱ्या माणसांना तिथे घरचे वापरलेले सामान ड्युटी न भरता आणता येते, असे मावशीने पत्रातून कळवले. सामान जुने असले पाहिजे, एवढीच अट. नवी वस्तू असेल, तर ड्युटी.

बाबांनी यादी केली. पलंग विकला, कपाट देऊन टाकले, भांडी शेजारणीने नेली. आई कशालाच नको म्हणाली नाही. कोणी काही विचारले, की "बघा तुम्हीच" एवढेच म्हणायची. फक्त एकदा म्हणाली, "टेबल यायचंच."

बस्स, एवढेच तिने मागितले. आणि बाबांसारख्या माणसाला कोणी काही मागितले, की ते आहे तसे देणे त्यांना जमत नाही. आई घर बघायला आठ दिवस मावशीकडे गेली आणि बाबांनी बाह्या वर केल्या. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. आठ दिवस ते मला घासत होते. इस्त्रीचा डाग गेला. मोटरची खरवड गेली. कोपऱ्याशी येऊन ते एक अख्खी दुपार नुसते बसून राहिले. मग तोही कोपरा घासला. वर पॉलिशचे तीन हात दिले.

मी आरशासारखा चकचकीत झालो. मात्र मला काही जाणवेनासे झाले. गरम भांडे ठेवा, गार ठेवा, सारखेच.

आई परत आली. मला बघून दारातच उभी राहिली. बाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"छान झालंय," आई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

त्या दिवसापासून ती मला लांबून पुसू लागली. चार घड्यांचे फडके, एक फेरी, संपले. बाबांना वाटले, आपला उपाय लागू पडला.

मग मला गोधडीत आणि पुठ्ठ्यात गुंडाळून जहाजावर चढवले. सहा आठवड्यांनी मला उघडले, तेव्हा मी पत्र्याच्या एका उंच शेडमध्ये होतो. आजूबाजूला लोकांची कपाटे, गाद्या, पंखे. समोर बाबा, आई आणि कस्टमचा एक अधिकारी. चष्मा कपाळावर, हातात बाबांची यादी. माणूस शांत होता. त्याने माझ्या कडेवरून अंगठा फिरवला, वाकून उजेडात पाहिले.

"हे नवं आहे," तो म्हणाला.

बाबांचा चेहरा क्षणभर खुलला. हाताला दाद मिळाली, की कारागीर माणसाला दुसरे काही सुचत नाही. मग त्यांच्या लक्षात आले, हा काय म्हणतोय.

"अहो, नवं कसलं! चौतीस वर्षांचं आहे. मी घासलंय हाताने."

"पावती आहे?"

"सुताराकडून केलेलं. कसली पावती?"

"फोटो? खालच्या बाजूला काही खूण?"

बाबांनी मान खाली घातली. खालची बाजूही त्यांनी सोडली नव्हती. काम अर्धवट ठेवणे त्यांच्या रक्तात नाही.

"मग नव्याची ड्युटी भरावी लागेल," अधिकारी म्हणाला. "नाहीतर इथेच सोडून द्या. काही महिन्यांनी लिलाव होतो."

ड्युटी म्हणजे बाबांची दोन महिन्यांची पेन्शन. ते आईकडे वळले. "सोडून देऊ या का? मावशीकडे आहे एक टेबल."

आई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडेही पाहत नव्हती. पलीकडच्या कोणाच्या तरी पंख्याकडे पाहत होती. मला लिलावात नेतील, याचे मलाही काही वाटले नाही.

अधिकाऱ्याला बहुधा कीव आली. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "एवढं घासलंत म्हणता, तर होतं तरी काय यावर?"

बाबा पुढे झाले. "इथे इस्त्रीचा डाग होता. इथे मी मोटर उघडली होती, त्याची खरवड." म्हणजे त्यांनाही ती दिसत होती तर. "आणि इथे..." ते कोपऱ्याशी आले. "इथे भागाकार होता. सातशे अठ्ठावीस भागिले तेरा. आधी चोपन्न लिहिलेलं. त्यावर छप्पन्न. सहाचं पोट जरा मोठं होतं."

आईने मान वळवली. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू कामावर गेलीस, की मी बसायचो ना तिथे."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?" बाबा माझ्याकडे पाहत म्हणाले. "रोज तिथे आलीस, की तुझा हात थांबायचा. बघवत नव्हतं मला. म्हटलं, नव्या घरात तरी थांबू नये."

आई म्हणाली, "मला विचारायचं तरी."

"चुकलंच माझं," बाबा म्हणाले.

अधिकाऱ्याने घसा साफ केला. "तोंडी सांगितलेलं चालत नाही. खुणांचं वर्णन लिहून द्या, मी वरच्या साहेबांना दाखवतो. तीन प्रती लागतात, मध्ये कार्बन आहे. दाबून लिहा."

तिथे टेकायला माझ्याशिवाय दुसरे काही नव्हते. आईने कागद माझ्या कोपऱ्यावर ठेवले. बाबांनी सवयीने आपली फाईल कागदांखाली सरकवली. आईने ती काढून त्यांच्या हातात परत दिली.

आणि तिने लिहिले. इस्त्री, मोटर, सगळे ओळीने. शेवटी तिने भागाकार मांडला, मुलीने मांडला होता तसा. चोपन्न लिहिले. त्यावर छप्पन्न गिरवले. इतके दाबून, की वरचा कागद फाटला. ताजे पॉलिश मऊ असते, मित्रांनो. मला दुखले. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी झाले.

अधिकारी अर्ज घेऊन आत गेला आणि थोड्या वेळाने परत आला. "मला पटलंय," तो म्हणाला. "पण साहेब म्हणतात, समोर दिसतंय ते नवंच दिसतंय."

"भरतो आम्ही," आई म्हणाली. "नवं तर नवं."

आता मी त्या छोट्या घरात असतो. मावशीच्या मैत्रिणी येतात आणि माझ्या चकचकीत अंगाची तारीफ करतात. जेवण झाले, की आई मला पुसते. कोपऱ्यात तिचा हात थांबतो. बाबा पेपर खाली ठेवतात आणि तिथे येऊन बसतात. सहाचे पोट काडीच्या सहासारखे आलेले नाही, असे ते एकदा म्हणाले. आईनेही ते मान्य केले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण एखादी खूण घासून काढण्याआधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. आणि अभ्यासाला बसल्यावर आतून कोणी ओरडले, "खाली पुठ्ठा घे," तर रोज घ्या. एखाद्या दिवशी मात्र घेऊ नका.