लोखंड तुमचं, दांडा आमचा

मी एक जुना दांडा आहे, कुऱ्हाडीचा. रीत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो, बाकी आपली काही मैत्री नाही. माझ्या नावानं तुम्ही एक म्हण करून ठेवली आहे आणि शाळेत पोरांकडून घोकून घेता: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. झाडाचाच दांडा झाडांच्या मुळावर उठतो म्हणे. आणि मला धरणारे हात? त्यांच्यावर एक म्हण केली नाही तुम्ही! तेव्हा माफीबिफी मी मागणार नाही. ऐकायचं असेल तर ऐका.

मी धावड्याच्या लाकडाचा. इंद्रवेल्लीच्या पलीकडे गोंडांचा एक गुडा आहे, म्हणजे त्यांची वस्ती, आणि तिला लागून त्यांच्या देवाचं रान. आत साग, मोह, धावडा, आणि काठावर एक थोरला वड. त्या रानात लोखंड न्यायचं नाही असा नेम आहे. कोयता नाही, विळा नाही, खिशातला अडकित्तासुद्धा हद्दीच्या दगडावर काढून ठेवायचा. शेजारच्या मराठी गावातल्या एका लाकूडतोड्यानं तो नेम मोडला. दांडा करावा तर देवाच्याच रानातला, असं म्हणून त्यानं भरदुपारी मला कापलं. रानाचा पुजारी सिडाम जैतू तेव्हा तरणा होता. तो काठी घेऊन गावापर्यंत त्याच्या मागे धावला. त्या दिवसापासून गाव आणि गुडा यांच्यात जे वाकडं आलं ते आलंच.

लाकूडतोड्यानं मला तासलं, काचेनं घासलं, तेल पाजलं. इंद्रवेल्लीच्या बाजारात लोहारानं माझ्या माथ्यावर पातं ठोकून बसवलं. पुढे मी त्याच्या मुलाच्या, लखनच्या, हाती आलो. लखननं मला जपलं, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि पातं ढिलं होतं, म्हणून कामाच्या आदल्या संध्याकाळी तो मला पाण्याच्या टाक्यात भिजत घालायचा. असा दांडा साऱ्या मंडलात, म्हणजे तालुक्यात, नाही, असं लोक म्हणायचे. कौतुक माझं आणि मरण माझ्या गणगोताचं.

आता सोनाबाईचं ऐका. ही उत्तमरावांची बायको. उत्तमराव म्हणजे गावातलं किराणा दुकान आणि मारुतीच्या देवळाचं अध्यक्षपद, दोन्ही एकाच ताठ्यानं सांभाळणारे गृहस्थ. दर वडपौर्णिमेला सोनाबाई लखनकडून त्या थोरल्या वडाच्या फांद्या तोडून आणवायची. घरच्या घरी फांदी पुजली की झालं, रानापर्यंत पाय कोण झिजवतं! गेल्या वर्षी ती स्वतः फांदी निवडायला आली होती. मी घाव घातला, फांदी पडली, आणि समोर जैतू उभा. आता तो म्हातारा झाला होता, पण आवाज तोच.

“बाई, ज्याच्यापाशी नवऱ्याचं आयुष्य मांगता, त्याचेच हात तोडून नेता? काऊन?”

“तुमी मले धरम शिकवू नका,” सोनाबाई फणकारली आणि फांदी घेऊन गेली. पण त्या वर्षी पूजा करताना ती फांदीचं तोडलेलं टोक पदरानं झाकत होती, असं लखनची बायको पूनम नंतर अंगणात सांगत होती.

यंदा उत्तमरावांनी मारुतीपुढे सभामंडप काढला. खांब सागाचेच हवेत, आणि तसा साग देवाच्या रानात. वडपौर्णिमा उरकली की दुसऱ्या सकाळी तोड सुरू करायची असं ठरलं. वड ट्रॅक्टरच्या वाटेत येतो, म्हणून तोही पाडायचा. बातमी कळताच जैतू गुड्यातली माणसं घेऊन देवळात आला. मी लखनच्या खांद्यावर तिथेच होतो.

“जमिनीचा पट्टा कोनाच्या नावानं हाय ते दाखवा,” उत्तमराव म्हणाले.

“देवाच्या नावानं.”

“मंग मारुतीबी देवच हाय. त्याचं त्यानं घेतलं!”

गाव हसलं. त्या हसण्यात असा काही कडवटपणा होता की माझ्या अंगावरची साल काढतानाही मला इतकं लागलं नव्हतं. गोंडांच्या बाजूनं बोलायला गावातलं एक माणूस उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी जैतू लखनच्या दारी आला. निदान तू तरी हे काम घेऊ नकोस, असं विनवायला. लखन घरी नव्हता, मी ओट्याच्या कोपऱ्यात टेकलेला होतो. ओट्यावर पूनमजवळ सोनाबाई बसली होती. जैतू आणि ती, दोघंही एकमेकांना पाहून आक्रसली.

“मी तुमच्यासाटी काई करून नाही राह्यली,” सोनाबाईनं आधीच सांगून टाकलं. “माह्या वडासाटी करून राह्यली.”

“वड तुमचा कवापासून झाला?”

“गेल्या साली तुमी बोलले, तवापासून.”

मग तिनं मनातला बेत सांगितला. जैतू भुवया आवळून ऐकत राहिला. उपकार घेणं त्याला जड जात होतं आणि करणं तिला.

“आत यायचं तं लोखंड भाईर ठेवा लागन,” तो अखेर म्हणाला.

“किल्ल्याबी?”

“किल्ल्याबी.”

वडपौर्णिमेला लखन झाडं हेरायला हद्दीपाशी आला होता, म्हणून पुढचं मी पाहिलं. मारुतीच्या देवळात भजन म्हणणाऱ्या साऱ्या बायका रानाच्या हद्दीवर आल्या. दगडावर सेफ्टीपिनांचा ढीग पडला आणि त्यावर सोनाबाईनं दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. गोंड बायकांनी सुताच्या गुंड्या धरल्या. हसतंखेळतं काही नव्हतं हं त्यात. एकीनं नायलॉनचा दोरा आणला होता, तो गोंड बाईनं हिसकून फेकला आणि तिथेच जुंपली. तरी सूत फिरत राहिलं. आधी वडाला, मग धावड्याला, मोहाला, सागाला.

“सागाले कोनी सूत गुंडाळते का?” एक म्हातारी पुटपुटली.

“आता गुंडाळलं,” सोनाबाई म्हणाली.

आणि दर झाडापाशी एकेकीनं आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. एरवी उखाण्याशिवाय जे ओठावर येत नाही ते नाव, मोठ्यानं, झाडाला ऐकू जाईल असं.

त्या संध्याकाळी लखननं मला भिजत घातलं नाही. विसरला की मुद्दाम, ते त्याचं त्याला ठाऊक.

सकाळी उत्तमराव सगळ्यांना घेऊन रानात घुसले. हद्दीचा दगड त्यांनी पाहिलाही नाही. तोडणारे आपापल्या सागापाशी गेले आणि खिळून राहिले. लखनसमोरच्या झाडावर हळद लावलेलं सूत होतं.

“मार ना!” उत्तमराव ओरडले.

“हे आमच्या पूनमचं सूत हाय.”

“मंग?”

“मंग काय! तुमीच मारा.” लखननं मला खाली ठेवलं. पलीकडे दुसऱ्यानं आपली कुऱ्हाड ठेवली, मग तिसऱ्यानं. बायकोनं आपल्या आयुष्यासाठी बांधलेलं सूत आपल्याच हातानं तोडायला एकही माईचा लाल तयार होईना.

उत्तमराव संतापानं लाल झाले. त्यांनी मला उचललं आणि थेट वडाकडे निघाले. वडाच्या बुंध्याशी सोनाबाई उभी होती आणि तिच्यामागे जैतू.

“मारा,” ती म्हणाली. “तुमच्याच आयुष्यावर मारून राह्यले तुमी. मी कोन अडवनारी?”

“हाट! दोऱ्यानं कोनी मरत नसते!”

त्यांनी मला डोक्यावरून मागे नेलं. तेवढ्यात पातं सटकलं आणि त्यांच्या टाचेला चाटून जमिनीत रुतलं. इतका वेळ दगडासारखी उभी असलेली सोनाबाई किंचाळून धावली, त्यांच्या पायाशी बसली, “लागलं का वो? लागलं का?” म्हणत टाच चाचपत राहिली. उत्तमरावांच्या हातात नुसता मी होतो. लोक म्हणतात, लाकूड उन्हानं आकसलं होतं. म्हणू द्या. मला विचाराल तर मी पातं सोडलं.

जैतू पुढे आला आणि त्यानं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

“दांडा आमचा हाय,” तो म्हणाला. “लोखंड तुमचं, तुमी घेऊन जा.”

उत्तमरावांनी पातं उचललं आणि गावाची वाट धरली.

मंडप पुढे सिमेंटचा झाला. उत्तमराव अजून धुसफुसतात. सोनाबाई आणि जैतू दर वर्षी भांडतात, कधी कुंकवाच्या प्लॅस्टिकच्या पुड्यांवरून, कधी प्रसादाच्या द्रोणांवरून. पण हद्दीपाशी अनोळखी ट्रॅक्टर थांबला की दोन्हीकडून माणसं धावतात, आणि भांडण तोवर थांबतं. वडाची फांदी आता कुणी तोडत नाही.

मला जैतूनं माझ्या जुन्या खुंटापाशी ठेवलं आहे. मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी मला जपा असं म्हणायचं असतं. मी म्हणत नाही. मला वाळवी लागली आहे, लागू द्या, माझी माती माझ्याच झाडाला मिळेल. जपायचं तर उभ्या झाडाला जपा. आणि ती म्हण घोकाल तेव्हा मला धरणाऱ्याचंही नाव घ्या.

माझ्या खुंटाला फुटवा आला आहे. सरळ, मनगटाएवढा जाड, अगदी दांड्याजोगता. हात आवरा.