रोलिंग मिलला काय हवं

"पहिलं नाव देवीदासचं. लिहून ठेव," शेषराव बायकोला म्हणाले. आठ दिवसांत हे त्यांनी पन्नास वेळा तरी म्हटलं असेल.

रोजंदारीवरच्या सतरा खेळाडूंतून त्या रविवारी भिलाईच्या मैदानावर फुटबॉलची निवड व्हायची होती. कारखान्याच्या खात्यांचे पाच संघ. गेल्या वर्षी तळाला राहिलेला पहिलं नाव उचलणार, मग त्याच्या वरचा. उचलला गेला त्याची नोकरी पक्की, बाकीचे पुन्हा विटा-सिमेंटवर. तळाला होती रोलिंग मिल. तीन सामन्यांत अकरा गोल खाल्लेले.

"मंग त्याईले काय पायजे? गोलकीपर! आन् सतरात गोलकीपर एकच."

तो एक म्हणजे शेजारच्या राधाबाईंचा देवीदास. दुर्गच्या रेल्वे संघाचे बाबाराव त्या सकाळीच त्याच्यासाठी खलाशाची, म्हणजे रेल्वेतल्या मदतनिसाची, जागा घेऊन आले होते. देवीदास काही बोलायच्या आत शेषरावांनीच त्यांना नाही सांगून टाकलं.

"तुमाले रेल्वे कावून खुपली?" वच्छलाबाई नवऱ्यावर उखडल्या. "कीर्तनात डोलता तसे समद्यातच डोलता. लोकाच्या लेकराची जिंदगी हाय ते!"

चारला शेषराव देवीदासला घेऊन मैदानावर पोचले. बसले, उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. टेबलामागच्या बाबूनं पुकारलं, "रोलिंग मिल... भाऊराव, फुल बॅक!"

शेषराव तडक मिलच्या कप्तानापाशी गेले. "साहेब, और गोलकीपर?"

"दादा, गोलकीपर तो अपना बढ़िया है. आगे कोई रोकनेवाला ही नहीं था, अकेला क्या करता?"

तिन्ही सामने शेषरावांनी मोहाच्या झाडाच्या सावलीत, गोलाच्या मागे बसून पाहिले होते. तिथून दिसायचा तो फक्त चेंडू आणि चुकणारा गोलकीपर.

"काका, बाबाराव साडेपाचच्या प्यासिंजरनं जानार व्हते ना?" देवीदासनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता शेषरावांची सायकल घेऊन पावर हाउस स्टेशनकडे सुटला.

तो दिसेनासा होतो न होतो तोच बाबू ओरडला, "मशिन शॉप... देवीदास!" त्यांचा गोलकीपर बदलीवर गेल्याचं कोणाच्या गावीही नव्हतं.

"नहीं है? नाम काट दो," मशिन शॉपचा कप्तान बाबूला म्हणाला.

"थांबा!" शेषराव टेबलापुढे उभे राहिले. जन्मभर कीर्तनकारांसमोर मांडी घालून बसलेला माणूस, स्वतः कीर्तनाला उभं राहायची पहिलीच वेळ. "देवाले भक्ताच्या हाकेवर यायले उशीर कावून झाला, आयका मंडळी..." आवाज फाटला. गाता गाता ओळी विसरल्या, तिथे त्यांनी स्वतःच्या जोडल्या. कोणी हसलं, कोणी टाळ्यांनी ताल धरला. बाबूनं पेन्सिल खाली ठेवली. शेषरावांचे डोळे मात्र रस्त्यावर. देव तिसऱ्यांदा वाटेत अडकला, तेव्हा धुळीनं माखलेली सायकल दिसली.

"गाडी गेली, काका." देवीदासला धाप लागली होती. "तुमी हे काय करून राहिले?"

"देवीदास कौन? मशिन शॉप में आना है कि नहीं?" बाबूनं दरडावलं.

देवीदासनं काकांकडे पाहिलं. काका खाली वाकून सायकलची चेन चाचपत बसले. चेन जागेवरच होती.

"आना है," देवीदास म्हणाला आणि सही करायला पुढे झाला.