अठरा सेकंदांचा रस्ता

माझा मुलगा सिग्नलचा साहेब आहे. कुठल्या चौकात कुठला दिवा किती वेळ लागायचा, ते तोच ठरवतो. आणि त्याच्या सख्ख्या आईला घरासमोरचा रस्ता ओलांडता येत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

रस्त्यापलीकडे माझी धाकटी बहीण राहते. तिची नजर अधू, त्यामुळे ती घराबाहेर पडत नाही. रोज चारला मी जाऊन तिला पेपर वाचून दाखवायचे. मग रस्ता रुंद झाला, माझा गुडघा बदलला, आणि चार महिने आमचं सगळं फोनवर आलं. फोनवर वाचलं की ती झोपून जाते. समोर असलं की निदान भांडते तरी. मला तिची फार आठवण यायची.

"आई, गाडीने सोडतो ना," मुलगा म्हणायचा. गाडीला पुढच्या चौकातून वळून यायला वीस मिनिटं! आणि मी काय पार्सल आहे?

एकदा जेवताना मी विचारलंच, "चालणाऱ्यांना वेळ किती दिलायस रे?"

"अठरा सेकंद. मी स्वतः चालून मोजलेत."

"तू?" त्याचे पाय म्हणजे नुसत्या शिड्या. मी चाळीस वर्षं शिवणकाम केलंय, मला राहवेना. "अरे, घालणार कोण आणि माप कोणाचं घेतोस?"

सून फिसकन हसली.

दुसऱ्या दिवशी घड्याळ आणि चमचमती जाकिटं घातलेली दोन माणसं घेऊन मुलगा खाली उभा होता. मी आधी जाकिटं काढायला लावली. ती बघून गाड्या आपोआप हळू होतात, मग माप कसलं?

हिरवा लागला. पदपथ हा एवढा उंच. खांबाला धरून मी एक पाय खाली टेकला, मग दुसरा.

"पाच सेकंद गेले," तो पुटपुटला. "हे आम्ही धरलंच नव्हतं. आम्ही खाली उतरूनच मोजायचो."

मी मध्यावर पोचले आणि दिवा बदलला. हॉर्नचा नुसता कल्लोळ. तो गाड्यांना हात दाखवत धावत आला, चेहरा पांढराफटक. खरं सांगते, माझीही पाचावर धारण बसली होती. पण म्हटलं, "मला धरू नकोस, घड्याळ धर!"

छत्तीस सेकंद लागले. त्याने आकडा लिहून घेतला.

महिन्याभरात पदपथाची कड उतरती झाली, हिरवा दिवा चाळीस सेकंदांचा झाला, आणि तो लागला की टिकटिक वाजू लागली. गाडीवाल्यांनी तक्रारींचा पाऊस पाडला. "या, माझ्या आईबरोबर चालून बघा," असं तो प्रत्येकाला सांगायचा. एकही आला नाही.

पहिल्याच दिवशी चारला निघाले. पलीकडे पोचले तेव्हा चक्क चार सेकंद शिल्लक होते.

बहिणीने दार उघडलं आणि माझ्या मागे कोण आहे ते चाचपडून पाहिलं. "सोडायला कोण आलंय?"

"कोणी नाही. एकटी आले."

"त्या गुडघ्यावर?"

"त्याच गुडघ्यावर."

मी पेपर उघडला, दोन बातम्या वाचल्या. ती भांडेना, झोपेचना. कान खिडकीकडे लावून बसली होती.

"ती टिकटिक वाजते तोवर गाड्या थांबलेल्या असतात ना गं ताई?"

"हो."

"मग उद्या तू येऊ नकोस," ती म्हणाली. "मी येते."