पृथ्वीची कंबर चाळीस इंच

मी एक जुनी मोजपट्टी आहे. अमरावतीच्या गयासुद्दीन टेलरच्या गळ्यात तीस वर्षं लटकते आहे. मित्रांनो, मेणकापडावर आकडे छापून मला घडवलं तेव्हा मी भोळी होते. या गळ्यात आले आणि संशयी झाले. माप देताना लोक पोट आत ओढतात हो! ईदच्या आधी तर अख्खी गल्ली बारीक होते. "पट्टी खोटं बोलत नाही," अशी माझी तारीफ व्हायची. हल्ली सगळे तयार कपडे घेतात, आणि मी दिवस दिवस खुंटीवर असते.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतोच. मालकही संशयी झाला. त्याची मुलगी अफसाना नर्सिंग शिकायला टोरांटोला निघाली होती. एजंटाने कागदावर लिहून दिलं होतं : दिल्ली ते टोरांटो, साडेअकरा हजार किलोमीटर, साधारण पंधरा तास. मालकाने भिंतीवरच्या नकाशावर मला आडवं ताणलं आणि खालच्या प्रमाणाशी ताडून पाहिलं. सतरा हजारांच्या वर!

"पाच-सहा हजार किलोमीटर खाऊन टाकले यानं!" मालक कडाडला. "अंतर खोटं सांगते, त्याचं कालेज तरी खरं असन काय? नाई जायाचं." पासपोर्ट मशीनच्या खणात गेला, खणाला कुलूप लागलं. विमानाला आठच दिवस होते. मला फार अपराधी वाटलं, कारण आकडा माझा होता.

दुसऱ्या दिवशी अफसाना शेजारच्या सूर्यभान मास्तरांना घेऊन आली. त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. काखेतला पृथ्वीगोल त्यांनी टेबलावर ठेवला.

"गयासुद्दीनभाई, गिऱ्हाईक समजा याले. कंबर घ्या."

मालकाने मला विषुववृत्तावर गुंडाळलं. बरोबर चाळीस इंच.

"पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर. म्हंजे इंचाले हजार. आता दिल्लीवरून टोरांटोले जा. पट्टीले जिकडून जवळ पडते, तिकडून जाऊ द्या."

मला घट्ट ओढलं तशी मी आपोआप वर सरकले, पार उत्तर ध्रुवाजवळून गेले. साडेअकरा इंच आणि वर थोडं.

मालक गोलावर हात फिरवत राहिला. "म्हंजे नकाशात वरचं कापड ताणून सपाट केलं हाये! गोल पोटाचं माप म्या टेबलावर घेतलं."

"अब्बा, आता तरी?" अफसानाने विचारलं.

मालकाचा अंगठा दिल्लीवरून उठेना.

"अंतर खरं निघालं," मास्तर म्हणाले. "आता कायचा शक हाये?"

"शक नाई, मास्तर. खोटं निघालं असतं तं पोरगी घरी राह्यली असती."

मग त्याने कुलूप काढलं, पासपोर्ट तिच्या हातात दिला आणि मला पुन्हा गळ्यात घातलं. माझं एक टोक ओलं झालं.

मित्रांनो, आम्हा जुन्या पट्ट्यांना मुडपू नका, नीट गुंडाळून ठेवा. आणि एखादा आकडा पटला नाही, तर समोरच्याला खोटा ठरवण्याआधी स्वतःला विचारा : तो खोटा निघावा, असं आपल्यालाच तर वाटत नाही ना?