नऊ आकडी माणसं

बक्षिसांबद्दल माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून मी ते न विचारताच देते. एकतीस वर्षं मी या इस्पितळात हाडांच्या विभागात नर्स आहे, त्यातली शेवटची नऊ संशोधनाच्या खोलीत. दर मे महिन्यात आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरांचा संशोधन दिवस असतो. पोरंपोरी वर्षभर डोळे फोडून जे शोधतात ते पोस्टरवर छापून कँटीनच्या भिंतींना लावतात, तीन परीक्षक हात मागे बांधून फिरतात, आणि संध्याकाळी एकाला बक्षीस म्हणून काचेचं अंडं मिळतं. अंडं मिळालं की ते अर्जात लिहिता येतं, अर्जावरून पुढच्या शिक्षणाची चांगली जागा मिळते, आणि ज्यांना मिळत नाही ते आठवडाभर कॉफीच्या मशीनपाशी तोंड पाडून उभे राहतात. मला हा सगळा पोरखेळ वाटतो. तरी यंदा अंडं मारेनला मिळालं तेव्हा टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले होते, तेही खरं.

मारेन पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मासेमाराची मुलगी. शिक्षणातून एक वर्ष बाजूला काढून आमच्याकडे संशोधनाला आलेली. इतकी भिडस्त, की दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागेल. तिचा प्रश्न साधा होता. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांची जखम रोज उघडून पट्टी बदलायची, की सात दिवस टिकणारी नवी पट्टी एकदाच लावून गप्प बसायचं? कुठल्या गटातली जास्त माणसं जखम चिघळून परत भरती होतात? पोस्टरवर उत्तर मोठ्या अक्षरांत होतं. प्रत्येकी एकशे तीस जणांपैकी रोजच्या पट्टीची बारा माणसं परत आली, नव्या पट्टीची फक्त चार.

परीक्षक खूश झाले. तिचा मार्गदर्शक प्राध्यापक होल्गर तर असा मिरवत होता, जणू पट्टी त्यानंच विणली होती. मारेनचा बाप स्वेन एकुलत्या एका सुटात पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं ते अंडं घरी नेलं आणि बंदराकडच्या खिडकीत ठेवलं. जूनमध्ये मारेन कोपनहेगनला सर्जनांच्या सभेत बोलणार होती, आणि शरद ऋतूत शस्त्रक्रियेच्या जागेसाठी अर्ज करणार होती. त्या एका जागेसाठी चाळीस-चाळीस अर्ज येतात. अंड्याशिवाय तिचं नाव कुणाच्या डोळ्यांत भरलं नसतं, हे ती जाणून होती आणि मीही.

पोस्टर नंतर आमच्या पॅसेजमध्ये लागलं. एका शुक्रवारी आयनार तपासणीला आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, निवृत्त पोस्टमन, आणि जिभेला हाड नाही. काठी टेकून त्यानं पोस्टर अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"गुनवर, हे कुणी मोजलं गं?"

"का? तुला कशाला उठाठेव?"

"नव्या पट्टीचे चारच परत आले म्हणे. बुधवारच्या व्यायामाला आम्ही पाच जण येतो. पाचही नव्या पट्टीचे, आणि पाचही इथे परत पडून गेलेले. मी दहा दिवस होतो ना तुमच्याकडे? का मी मेलोय आणि मला कुणी कळवलं नाही?"

"तू मेलास तर दर दहा मिनिटांनी कॉफी कोण मागेल?" मी म्हटलं, आणि दोघं हसलो.

तो गेल्यावर मी यादी उघडली, ती निव्वळ त्याची जिरवायला. आयनारचा जन्म चार मार्चचा. त्याचा नागरिक क्रमांक बघितला आणि आकडे बोटानं दोनदा मोजले. त्यात नऊच आकडे होते.

क्रमांक असतो दहा आकड्यांचा. आधी जन्माचा दिवस, मग महिना आणि वर्ष, मग एक आडवी रेघ आणि शेवटी चार आकडे. रोजच्या पट्टीवाल्यांची यादी जुन्या नोंदींतून रेघेसकट आली होती, ती ठीक होती. नव्या पट्टीवाल्यांची मात्र मी स्वतः एक्सेलमध्ये टाइप केली होती, आणि बोटं दुखतात म्हणून रेघ गाळली होती. रेघ नसली की एक्सेलला तो साधा आकडा वाटतो, आणि साध्या आकड्याच्या पुढचं शून्य ते बिनदिक्कत गिळून टाकतं. म्हणजे महिन्याच्या एक ते नऊ तारखेला जन्मलेलं प्रत्येक माणूस नऊ आकडी झालं होतं. अशी चाळीस माणसं निघाली. नऊ आकडी माणूस या देशाच्या कुठल्याच दप्तरात सापडत नाही. त्यामुळे यांतलं कोण परत भरती झालं, असं संगणकाला विचारल्यावर त्यानं शांतपणे सांगितलं होतं, कुणीच नाही.

खोटं कशाला बोलू, शनिवार-रविवार मी मूग गिळून बसले. बागेतलं गवत उपटलं, जे उपटायचं नव्हतं तेही उपटलं. मनाशी म्हटलं, कोण बघतंय? आयनार आज बोलला, उद्या विसरेल. पण जन्मभर पत्रं वाटलेला माणूस चुकलेला आकडा विसरत नसतो. आणि तो विसरला असता तरी मी त्याच्या त्या उघड्या जखमेत दहा दिवस हात घातला होता. ती जखम झालीच नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

सोमवारी सकाळी मारेनला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती नुसती म्हणाली, "किती जण?"

"चाळीस."

तिनं शून्यं परत लावली आणि पुन्हा विचारलं. संगणकाला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. उत्तर आलं, बारा आणि दहा. दोनाचा फरक योगायोगानंही पडतो, म्हणजे फरक काहीच नव्हता.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी रेघ गाळली."

"यादी आली तेव्हा मी फक्त ओळी मोजल्या, गुनवर. एकशे तीस ओळी, बरोबर. क्रमांक एकही वाचला नाही. वाचायला हवे होते." मग तिचा आवाज बारीक झाला. "बाबानं ते खिडकीत ठेवलंय. होड्यांवरच्या माणसांना बोलावून दाखवतो."

आम्ही होल्गरकडे गेलो. त्यानं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमच्या विभागात एक रीत आहे. ज्यानं घोळ घातला त्यानं शुक्रवारच्या सकाळच्या सभेला केक आणायचा आणि उभं राहून सगळ्यांना घोळ सांगायचा. केक संपला की विषय संपला. त्यावरून पुन्हा कुणी टोमणा मारलाच, तर पुढचा केक त्याच्या डोक्यावर. ज्याचा केक, त्याची चूक, आणि ती तशीच लोकांच्या लक्षात राहते.

"केक गुनवरनं आणावा," होल्गर म्हणाला. "यादी तिची. अंडं परत करावंच लागेल, पण चुकीला नाव तिचं लागेल. मारेन, तुला अजून अर्ज करायचाय."

"मला चालेल," मी लगेच म्हटलं. "दोन वर्षांत मी निवृत्त होणार. माझं कोण काय वाकडं करणार?"

मारेन काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे हो असतं, असं आम्ही दोघं धरून चाललो. वर्षभर तिच्याबरोबर काम करूनही.

शुक्रवारी मी नारळाचा थर दिलेला केक घेऊन पोचले, तर टेबलावर आधीच एक केक होता. एका बाजूला बसलेला, मधे भेग पडलेला. शेजारी मारेन, आणि तिच्या मागे सुटाशिवायचा स्वेन, हातात माशांची पेटी.

"हे काय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"माझा केक."

"ठरलं होतं आपलं!"

"तुमचं दोघांचं ठरलं होतं. तुझा काढून घे, गुनवर. तुझा दिसायला चांगला आहे, लोक माझ्याला हात लावणार नाहीत."

"उचलणार नाही. शून्यं माझी गेली."

"बघितली नाहीत मी."

"दोन्ही ठेवा की," स्वेन म्हणाला. "खोलीत एवढी माणसं आहेत, पोटं भरलेली दिसत नाहीत."

मग ती उभी राहिली. समोर विभागातले सगळे डॉक्टर, शिकाऊ आणि जुने. कान लाल झाले होते, पण एकदाही माफी मागितली नाही. यादी कशी आली, तिनं काय तपासलं नाही, शून्यं कुठे गेली, सगळं सरळ सांगितलं. माझ्या नावावर काहीही ढकललं नाही. मी मधेच उठून "टाइप मी केलं होतं" असं ओरडले, तेव्हा ती म्हणाली, "आणि बक्षीस मी घेतलं होतं."

"आता खरं उत्तर," ती म्हणाली. "बारा आणि दहा. फरक नाही. म्हणजे जखम रोज उघडून माणसाला काही फायदा होत नाही. सात दिवस हात लावला नाही तरी चालतं."

तोवर मी फक्त बुडालेल्या अंड्याचा विचार करत होते. एकतीस वर्षं रोज सकाळी मी म्हाताऱ्यांच्या कागदासारख्या कातडीवरून पट्ट्या ओढल्या आहेत. ते कळवळायचे, मी म्हणायचे, झालं हं, झालंच. आणि ते रोज करायची गरजच नव्हती! मला आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला, आणि दोन्हींवर उपाय म्हणून मी मारेनच्या केकचा मोठा तुकडा घेतला. मधे कच्चा होता. तरी संपवला.

स्वेननं पेटीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अंडं काढून टेबलावर ठेवलं. होल्गर काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागला, तर स्वेन म्हणाला, "माझ्या मुलीनं चुकीचं मोजलं, मग बरोबर मोजलं, आणि सगळ्यांसमोर सांगितलं. मला तर इथे रडण्यासारखं काही दिसत नाही." आणि त्यानं माझ्या केकचा तिसरा तुकडा उचलला.

नियमाप्रमाणे अंडं दुसऱ्या क्रमांकाला जायचं होतं. दुसरा होता एस्बेन, उंच, देखणा, बक्षिसांची सवय असलेला मुलगा. मारेननं स्वतः ते त्याच्यापुढे धरलं. त्यानं हात पुढे केला, आणि मग तो हात हवेतच थांबला.

"माझी यादीही एक्सेलमध्येच आहे," तो म्हणाला. "थांब. आधी तू बघशील का?"

दुपारी संशोधनाच्या खोलीबाहेर रांग लागली. एस्बेन, त्याच्यामागे गुडघ्यांवर काम करणारी पोरगी, त्याच्यामागे मणक्यांवाले दोघे, प्रत्येकाच्या काखेत लॅपटॉप. दुधानं तोंड पोळलं एकीचं, आणि ताक फुंकायला आली सगळी. मारेन एकेकाला आत घेत होती, क्रमांक मोठ्यानं वाचत होती, आणि "हा जन्म कधीचा?" असं इतक्या ठणठणीत आवाजात विचारत होती की मला पॅसेजमधून ऐकू येत होतं. एस्बेनची यादी बरोबर निघाली. मणक्यांवाल्यांची नाही निघाली.

चार वाजता मी निघाले तेव्हा रांगेत एकच जण उरला होता. होल्गर. हातात जुनी, कोपरे झिजलेली फाइल. ज्या संशोधनावर तो एकोणीस वर्षांपूर्वी प्राध्यापक झाला, तेच ते. मला बघून तो भिंतीवरची सूचना वाचायला लागला. सूचना हात धुण्याबद्दल होती.

"मारेन," दारातून तो म्हणाला, "वेळ आहे का? फार जुनं आहे. घाई नाही."

तिनं खुर्ची पुढे सरकवली. "बस. यादी कुणी टाइप केली होती?"

"मी स्वतः."

"मग सावकाश बघू," मारेन म्हणाली, आणि दार लावून घेतलं.